दगडावरचा बोल

खंडेराव गेटाच्या आत, एका बोळाच्या टोकाला आमच्या लोकांचं दत्ताचं देऊळ आहे. देऊळ लहान आणि अंगण मोठं. अंगणातली फरशी एकसारखी नाही, कारण ती कोणी एकदम घातलेली नाही. झाशीतल्या जुन्या मराठी घरांत कोणी गेलं की काही महिन्यांत त्याच्या नावाचा एक दगड इथे बसवायचा, अशी रीत आहे. दगडावर नाव असतं आणि नावाखाली त्या माणसाचा ‘बोल’. बोल म्हणजे सुविचार नव्हे. जे वाक्य त्या माणसाच्या तोंडी सतत असे, घरातल्यांना ऐकून ऐकून पाठ झालेलं असे, ते. निदान मुळात तसं होतं.

गाभाऱ्याजवळचे दगड सगळ्यांत जुने. ते काळसर आणि खडबडीत आहेत, आणि त्यांवरची अक्षरं मोडीत आहेत. आता ती आमच्यातल्या कोणालाही वाचता येत नाहीत. माझ्या वडिलांना थोडी मोडी येत असे. लहानपणी ते मला हाताला धरून त्या दगडांवरून अनवाणी फिरवत. एक दगड आमच्याच घराण्यातल्या एका बाईचा आहे. तिचं नाव झिजून गेलं आहे. बोलही आता बोटाला लागत नाही, पण तो वडिलांना त्यांच्या वडिलांकडून तोंडी मिळाला होता आणि मला वडिलांकडून मिळाला: ‘कोणी जेवायचं राहिलं आहे का?’

“एवढंच?” मी विचारलं होतं.

“एवढंच. पंगत उठली की ओटीवर उभी राहून विचारायची म्हणे.”

त्या बाईबद्दल आम्हाला दुसरं काहीही माहीत नाही. तरी त्या दगडावर पाय पडला की मला ती ओटीवर उभी दिसते.

मोडीनंतरचे दगड बाळबोध अक्षरांतले आहेत, आणि ते मला वाचता येतात. त्यांवर हळूहळू दुसरंच काही येऊ लागलेलं दिसतं. ‘सेवा परमो धर्मः’, ‘साधी राहणी, उच्च विचार’, आणि अलीकडच्या काही दगडांवर सरळ हिंदी: ‘सदा स्मृतियों में जीवित रहेंगे’. हे कधी आणि कोणामुळे सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच दिसतं की घरातलं बोलणं जसजसं मिसळत गेलं, तसतसे दगड शुद्ध होत गेले. फोटो काढायला जाताना आपण कपाटातली साडी काढतो, तसं.

आमच्या घरातल्या बोलण्याला नाव नाही. मुदपाक, न्हाणी, माजघर, घंगाळ हे शब्द पुण्यात कोणी वापरत असेल असं वाटत नाही. आमच्याकडे ते रोजचे आहेत. आणि त्याच वाक्यात बुंदेलीचं ‘तनक’ येतं, म्हणजे थोडंसं, आणि होकाराला ‘हओ’ येतं, आणि हिंदी तर कुठूनही येते. “मुदपाकात जाऊन तनक देख, दूध उतू तो नई जाऊन राहिलं,” असं आई म्हणायची, आणि त्यात काही वेगळं आहे असं घरात कोणालाच वाटत नसे. पुण्याचे नातेवाईक या बोलण्याला हिंदी म्हणतात आणि शेजारपाजारचे मराठी. पण ते कोणी कधी लिहिलं नाही. आजोबांनी मोडीत लिहिलं ते दरबारी वळणाचं. वडील बाळबोध लिपीत लिहीत ते पुस्तकातलं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं आणि लिहिते ती ही अशी, टपालाने येणाऱ्या मराठी पुस्तकांवर वाढलेली भाषा. माझा भाचा फोनवर इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहितो. तीन लिप्या आमच्या घरातून गेल्या. मुदपाकातलं बोलणं त्यांपैकी कोणाच्याही हाती लागलं नाही.

वहिनीबद्दल लिहायचं आहे, म्हणून हे सगळं आधी सांगितलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. भाचा तिचा मुलगा.

वहिनी मुळात आमच्यातली नव्हती. तिचे वडील रेल्वेत होते, भुसावळहून बदली होऊन आले आणि प्रेम नगरात राहिले. जुनी घरं आणि रेल्वेची घरं यांच्यात तेव्हा फारसं येणं-जाणं नव्हतं. आमच्याकडचे म्हणायचे, “कल के आए लोक.” रेल्वेवाले आमच्याबद्दल म्हणायचे, “पगडी पेशव्यांची आणि तोंड बुंदेल्यांचं.” दादाचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही बाजूंनी हे बोलून झालं आणि मग सगळे जेवायला बसले.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी आईने तिला सांगितलं, “सूनबाई, मुदपाकातून तनक गुड घेऊन ये.” वहिनी माजघराच्या दारात उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “वन्सं, मुदपाक म्हणजे?”

“स्वयंपाकघर,” मी म्हटलं.

तिने पदर तोंडात धरला. “स्वयंपाकघराला राजवाड्यातलं नाव, आणि गूळ मात्र बाजारातला. चांगलं आहे तुमचं.”

ती अशी बोलायची. कोणाला लागणार नाही एवढंच, पण बोलायचीच. मी मुळात अबोल. पुस्तकात डोकं घालून ‘हं’ म्हणणारी. ती घरात आल्यावर मला घरातल्या बोलण्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, कारण ती ते शिकत होती. आज ‘हओ’ उचललं, उद्या ‘भुनसारे’, म्हणजे पहाटे. सुरुवातीला चेष्टेने बोलायची. मग चेष्टा कधी संपली ते कळलं नाही. एकदा गच्चीवरून तिची हाक आली, “बिन्नू, कपडे भिजून राहिले, तनक धाव.” बिन्नू म्हणजे बुंदेलीत धाकटी बहीण, लाडकी लेक. मी जिन्यात थांबले. मग ती म्हणाली, “घ्या. मी पण गेली तुमच्यात.” त्यानंतर तिने मला वन्सं म्हटलं नाही.

तिचा बोल सांगायला हवा. घरी आलेलं माणूस जायला निघालं, चपलेत पाय घातला, की वहिनी आतून म्हणायची, “तनक बसा तो सही, चाय चढवलीच आहे.” चाय बहुतेक वेळा चढवलेली नसायची. आधी हे वाक्य म्हणायचं, माणूस परत बसलं की मग मुदपाकात जाऊन गॅस लावायचा, हा तिचा क्रम. ‘सही’वर आवाज जरा वर जायचा, जणू काही बसायचं तुम्हीच ठरवलं होतं आणि ती फक्त आठवण करून देत होती. विजेचं मीटर बघायला येणारा, पूजा सांगून निघालेले गुरुजी, माझ्या कॉलेजातल्या कोरड्या बायका, सगळे परत बसत. या वाक्यापायी भाच्याची एकदा गाडी चुकली. तो स्टेशनवरून परत आला तेव्हा तिने दार उघडून त्याला विचारलं, “आता तो बसशील?”

माझ्याबद्दल ती म्हणायची, “बिन्नू, तुझा दगड सगळ्यांत स्वस्त पडणार. एकच अक्षर. ‘हं.’”

दादा काही वर्षांपूर्वी गेला. त्याचा बोल आख्ख्या गल्लीला माहीत होता: “देखू उद्या.” नळ गळत असो, पाहुणे यायचे असोत, स्वतःच्या डोळ्यांचं ऑपरेशन असो, देखू उद्या. देवळातल्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या दगडासाठी निवडलं ‘कर्तव्य हीच पूजा’. वहिनी त्या वेळी काही बोलण्याच्या स्थितीत नव्हती आणि मला तर कोणी विचारतच नसे. नंतर दर गुरुवारी आम्ही दोघी दर्शनाला जायचो. ती दादाच्या दगडावर तांब्यातलं पाणी घालायची आणि ओल्या अक्षरांकडे बघत राहायची.

“हे यांचं तोंडच नाही,” एका गुरुवारी ती म्हणाली. “असं काही बोलले असते तर मी मिरच्या ओवाळून टाकल्या असत्या.”

मी हसले. ती नाही हसली.

“माझ्या दगडावर असलं काही टाकू देऊ नको, बिन्नू. मी कोण होती ते दिसलं पाहिजे. नई तर कोणत्या पण बाईचा दगड आहे.”

मी ‘हं’ म्हटलं.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला लागली. ऊन येतं त्या खोलीत तिची खाट हलवली. भाचा बंगळुरूहून येऊन जाऊन होता. बाकी दिवस आम्ही दोघीच. एका दुपारी ती उशीला टेकून बसली होती, चेहरा जरा बरा दिसत होता, आणि तिने आपणहून तो विषय काढला.

“तो बोल लिहून दाखव ना. दगडावर कसा दिसेल ते देखू.”

आमच्याकडे जिवंतपणी आपला बोल ठरवत नाहीत. ते अशुभ मानतात. मी तसं म्हटलं.

“अशुभ होऊन राहिलंच आहे,” ती म्हणाली. “लिही.”

मी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान उलटं केलं आणि जाड पेनाने, दगडावर असतात तशी अक्षरं काढली: तनक बसा तो सही, चाय चढवलीच आहे. आयुष्यभर लिहिण्या-वाचण्यात काढून मी आमच्या घरातलं एक वाक्य पहिल्यांदा लिहीत होते. लिहिताना हात अडखळत होता, कारण असं लिहिलेलं मी कुठे पाहिलेलंच नव्हतं. पान तिच्यासमोर धरलं. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ वाचलं.

“हे मी असं बोलते?”

“हं.”

“किती देहाती दिसतं गं.” तिने चष्मा काढून पुसला, परत लावला. “बोलायला तो बरं वाटतं. लिहिल्यावर असं वाटतं, कोणी मला घरच्या साडीत चौकात उभं केलं. ‘चाय’चं ‘चहा’ कर.”

मी केलं.

“‘तनक’ काढ. ‘जरा’ लिही. आणि ‘चढवली’ काय, चहा ठेवतात. ‘तो सही’ला मराठीत काय म्हणतात?”

“‘तरी’ म्हणता येईल,” मी म्हटलं. आम्ही दोघी मराठीतच बोलत होतो, पण तिने विचारलं तसंच मी उत्तर दिलं.

दुसऱ्या पानावर मी नवं वाक्य लिहिलं: जरा बसा तरी, चहा ठेवलाच आहे. तिने तेही वाचलं.

“ही तर माझी भुसावळची मावशी झाली,” ती म्हणाली. “मावशी अशीच बोलायची. अगदी हेच.” तिला हसू आलं, आणि हसता हसता खोकला आला. मी पाणी दिलं. खोकला थांबला. ती दोन्ही पानं मांडीवर ठेवून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. एकात ती होती आणि तिला स्वतःची लाज वाटत होती. दुसऱ्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, पण ती नव्हती.

मग तिने दोन्ही पानं फाडली. रागाने नाही, भाजी निवडून देठं बाजूला करावीत तशी, सावकाश.

“राहू दे, बिन्नू. भाऊ आहे माझा. पढा-लिखा आहे. तो टाकेल काही.”

त्यानंतर ती थोडेच दिवस होती, आणि त्या दिवसांत बोल वगैरे गोष्टींना जागा नव्हती. गुरुवारची वहिनी खरी की कॅलेंडरची, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. आजही येत नाही. माणूस शेवटी जे म्हणालं तेच त्याचं मानायचं, असं लोक म्हणतात. पण शेवटचं वाक्य थकव्याचंही असू शकतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बैठकीत दगडाचं बोलणं निघालं. वहिनीचा भाऊ आला होता. तो शाळेत मराठी शिकवायचा, आता निवृत्त होऊन महाराष्ट्रात असतो. देवळाचं काम बघणारे एक काका होते, आम्ही त्यांना देवळातले काका म्हणतो. भाचा भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

“ताईच्या तोंडी काय असायचं?” वहिनीच्या भावाने मला विचारलं.

मी ते वाक्य म्हटलं. माझ्या सपाट आवाजात ते दुपारच्या बातमीसारखं निघालं. भाच्याने मात्र मान वर केली.

वहिनीचा भाऊ हसला. “हो, ऐकलंय मी. पण हे दगडावर?” मग त्याचा चेहरा बदलला. “राग मानू नका. ती आमच्या घरून चांगलं मराठी घेऊन आली होती हो. शाळेत निबंधाला बक्षीस मिळायचं तिला. माहेरपणाला यायची तेव्हा आई म्हणायची, अगं, हे काय बोलतेस? ती म्हणायची, आता असंच येतं. आई कोपऱ्यात जाऊन डोळे पुसायची. तुमच्यासाठी ते तिचं बोलणं असेल. आम्हाला वाटतं, आमची मुलगी तेवढी तेवढी कमी होत गेली.”

आम्हाला ती भरत जाताना दिसली होती, तिथे त्यांना ती रिकामी होताना दिसत होती. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मी दुसरं वाक्य सुचवलं, ‘जरा बसा तरी, चहा ठेवलाच आहे.’ हे तरी शुद्ध होतं.

“चहा?” देवळातले काका म्हणाले. “दत्तासमोर? लोक कपबशी घेऊन येतील, बाई.” सगळे थोडे हसले. तेरा दिवसांनंतरचं हसू होतं, सगळ्यांना बरं वाटलं, आणि ते वाक्य तिथेच संपलं.

“हे बघा,” वहिनीचा भाऊ म्हणाला, “आल्यागेल्याचं करणं हा तिचा स्वभाव. मग ‘अतिथी देवो भव’. त्यात सगळं आलं.”

“उत्तम,” काका म्हणाले.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. “आत्या, मम्मी ने आपसे कुछ बोला था क्या?”

मी जे झालं ते सांगितलं. गुरुवारचं सांगितलं आणि कॅलेंडरचंही. “दोन्ही पानं तिनेच फाडली,” मी म्हटलं.

“तो फिर मामा का ही रहने देते हैं,” तो म्हणाला.

दगड करणारा दतिया गेटाजवळ बसतो. त्याच्याकडे मीच गेले, कारण भाच्याला परत जायचं होतं. दुकानात दगडांपेक्षा घरांच्या पाट्याच जास्त होत्या. त्याने माझा कागद पाहिला.

“हिंदी में करना है न?”

“मराठी में,” मी म्हटलं.

“ये तो संस्कृत है, बहनजी. सब जगह चलेगा.” त्याने कंप्यूटरकडे बोट केलं. “ये हमारे पास बना-बनाया रखा है. होटल वाले बहुत बनवाते हैं.”

त्याने पडद्यावर दाखवलंही. दोन्ही बाजूंना कमळं होती. कमळं काढायला सांगितली तेवढीच माझी त्या दगडातली भर.

दगड गुळगुळीत, काळा, चकचकीत झाला. तो दादाच्या शेजारी बसवला. बसवलेला दगड परत उचलत नाहीत, ही रीतीतली दुसरी गोष्ट. उचलला तर माणूस दुसऱ्यांदा जातं, असं म्हणतात. तेव्हा गुरुवारी दोन दगडांवर पाणी घालणं माझ्याकडे आलं: ‘कर्तव्य हीच पूजा’ आणि ‘अतिथी देवो भव’. अनोळखी कोणी वाचलं तर वाटेल, मोठं शिस्तीचं जोडपं असावं. देखू उद्या आणि तनक बसा तो सही, या दोघांचा संसार त्या दगडांखाली कोणालाही सापडायचा नाही. मोडीतले दगड निदान वाचता येत नाहीत म्हणून गप्प आहेत. हे वाचता येतात आणि तरी गप्प आहेत.

वर्षश्राद्धाला भाचा आला. गुरुजींचं आटोपल्यावर आम्ही देवळात गेलो. त्याची संध्याकाळची गाडी होती. त्याने आईच्या दगडावर पाणी घातलं, हाताने पुसलं आणि तिथेच उकिडवा बसून राहिला. मी रिक्षा बघायला निघाले, चपलेत पाय घातला, आणि पाठीमागून आवाज आला:

“तनक बसा तो सही, चाय चढवलीच आहे.”

मी वळले. देवळाच्या पायऱ्या उतरणारी एक ओळखीची म्हातारी बाईही थबकली. वाक्य भाचा म्हणाला होता. ज्याला मराठीत स्वतःचं नाव सांगायचं झालं तरी हिंदी लागते, त्याच्या तोंडून ते पूर्ण आलं होतं, ‘सही’वर वर जाणाऱ्या आवाजासकट. त्याला स्वतःलाही ते अनपेक्षित असावं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

“यही लिखवाना था ना, आत्या?” तो म्हणाला. “निकाल के दूसरा नहीं लगा सकते?”

“नाही लावत रे.”

“किसी को बुरा लगेगा?”

“तिलाच लागलं असतं कदाचित.”

आम्ही परत बसलो, दोन्ही दगडांपाशी. दादाच्या पलीकडे एक जागा मोकळी आहे, तिथे साधी जुनी फरशी आहे. लग्न न झालेल्या बहिणीचा दगड भावाजवळ बसवतात. भाच्याने त्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसू दाबत म्हणाला, “आपका तो मम्मी तय करके गई हैं. एक अक्षर.”

“हं,” मी म्हटलं, आणि तो मोठ्याने हसला.

रिक्षात मला त्या मोकळ्या जागेचाच विचार येत होता. बोल ज्याचा त्याचाच लागतो. दुसऱ्याच्या तोंडचा चालत नाही. पण तो जन्मापासून तोंडी असला पाहिजे असं कोणी म्हटलेलं नाही. वहिनीच्या तोंडीही तो जन्मापासून नव्हता. तो तिने आमच्याकडून उचलला होता. घरातल्यांनी, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिचा बोल माझ्या तोंडून ऐकलेला असला, तर माझ्या दगडावर यायला हरकत कोण घेणार? चहा दत्तासमोर चालत नाही असं देवळातले काका म्हणतील. भाचा त्यांच्याशी बोलून घेईल. हिंदीत बोलेल, पण बोलेल. आणि तिने तो कागद फाडला होता, तर मी तो चिकटवत नाही. तिच्या नावाखाली काही येणार नाही. देहाती दिसलं तर मी दिसेन, आणि लाज वाटायची ती माझी वाटेल. मला ती वाटत नाही, निदान या वाक्याची.

भाचा गेल्यानंतरच्या आठवड्यात समोरच्या घरातली बाई वाटी परत द्यायला आली. ती इथलीच, बुंदेलखंडातली; वहिनीशी तिचं चांगलं होतं. वहिनी गेल्यापासून ती दारातच वाटी देते, मी ‘हं’ म्हणून घेते, आणि ती जाते. तेवढं आम्हा दोघींना पुरतं. त्या दिवशी ती वळली, पायरी उतरू लागली, आणि मी म्हटलं,

“तनक बसा तो सही. चाय चढवलीच आहे.”

आवाज चुकीच्या जागी वर गेला. मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठाही निघाला.

ती पायरीवर थांबली. “क्या हुआ दीदी, तबीयत तो ठीक है?”

“हओ,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग चपला काढल्या, आत आली आणि वहिनी बसवायची त्याच खुर्चीवर बसली. चाय चढवलेली नव्हती. मी मुदपाकात गेले, गॅस लावला, पातेलं घेतलं, आणि दोन माणसांच्या चायला पाणी किती लागतं ते मला आठवेना.